एक अपराजित घोडा व इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, पूर्वीचा व्यवसाय वकिली, सध्याचा व्यवसाय इतरांच्या चुका वाचणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहीत आहे. दडपण आणले गेले नाही असे मी म्हणत नाही. ते कलम सहामध्ये नोंदवले आहे. त्याचा परिणाम झाला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी विचारले, "शेवटी दोन उरतात. तिथे थांबायचे की शून्याच्या खाली जायचे?" त्यांनी लगेच पेन उघडले.

या दस्तातील माणसांची पूर्ण नावे व पत्ते परिशिष्टात आहेत. मजकुरात 'यजमान' म्हणजे माझे दिवंगत पती, 'दीर' म्हणजे त्यांचे धाकटे बंधू, 'थोरला' म्हणजे माझा मुलगा, 'धाकटी' म्हणजे माझी मुलगी. 'घोडा' म्हणजे निर्विवाद, थरोब्रेड म्हणजे शर्यतीच्या जातीचा, वय तेवीस, रंग गडद तपकिरी, कपाळावर बोटाच्या पेराएवढा पांढरा ठिपका. निर्विवाद हे नाव यजमानांनी माझ्या एका दाव्याच्या निकालपत्रातून उचलले होते. घरात त्याला भोपळ्या म्हणतात. वरील सर्वांपैकी ज्याच्यावरून वाद होणार आहे तो हाच.

कलम एक. यापूर्वी मी तीन मृत्युपत्रे केली: पहिले यजमान हयात असताना, दुसरे रागात, तिसरे थोरल्याच्या आग्रहावरून. तिन्ही रद्द समजावीत. तिन्हींत घोड्याचा उल्लेख 'इतर जंगम मालमत्ता' असा एका ओळीत उरकला आहे. ती ओळ अपुरी होती.

कलम दोन. राहत्या घराचा पुढचा भाग, म्हणजे रस्त्याकडील तीन खोल्या, दिवाणखाना, गच्ची व फाटकावरची पितळी पाटी, थोरल्यास द्यावा. या भागाला बाजारभाव आहे आणि थोरल्याला बाजारभाव कळतो. दिवाणखान्याच्या छताला एका कोपऱ्यात ओल आहे. ती मी त्याला अनेकदा दाखवली, प्रत्येक वेळी तो म्हणाला, "आई, तू जरा सकारात्मक बघायला शिक." भाग ओलीसह द्यावा.

घराचा मागचा भाग, म्हणजे स्वयंपाकघर, मागचा व्हरांडा, तबेला, चाऱ्याची खोली व कुंपणाच्या आतले कुरण, धाकटीस द्यावा. या भागाला स्वतंत्र रस्ता नाही, त्यामुळे थोरल्याचे तिकडे आजवर लक्ष गेलेले नाही. पुढच्या फाटकातून जाण्यायेण्याचा हक्क धाकटीला, पशुवैद्यांना, नालबंदाला आणि चाऱ्याच्या गाडीला कायम राहील. तो अडवल्यास पुढचा भागही धाकटीकडे जाईल. हे वाक्य थोरल्याने दोनदा वाचावे.

कलम तीन. बँकेतील ठेवींतून प्रथम घोड्याचा चारा, नाल व औषधपाणी यांची त्याच्या हयातीपर्यंतची तरतूद करावी. उरलेली रक्कम दोन्ही मुलांत समान वाटावी. समान म्हणजे समान. "मी मोठा आहे" आणि "मी आईजवळ राहिले" हे दोन्ही युक्तिवाद मी ऐकले आहेत. दोन्ही खरे आहेत, दोन्ही गैरलागू आहेत.

कलम चार. माझी कायद्याची पुस्तके माझ्या शेवटच्या कनिष्ठ वकिलास द्यावीत. समासातले पेन्सिलीचे शेरे न्यायाधीशांविषयी आहेत. ते खोडू नयेत. ही पुस्तके मी धाकटीला देत नाही. ती कायद्याच्या परीक्षेत तीनदा नापास झाली, आणि तिन्ही वेळा मी तिला समोर बसवून तिचे उत्तर नेमके कुठे चुकले ते समजावून सांगितले. त्यानंतर तिने रोपवाटिका काढली. रोपांना ती काही समजावून सांगत नाही. ती वाढतात.

कलम पाच. घोड्याची कारकीर्द दस्तात घालणे भाग आहे, कारण थोरला ती सभागृहांतून सांगत फिरतो आणि ती तशी घडलेली नाही.

यजमानांनी हे शिंगरू लिलावात घेतले तेव्हा त्याचे पोट सुटलेले होते आणि पाय त्या पोटाशी संबंध नसल्यासारखे चालत. दीर त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "दादा, हे खेचर आहे. घरी ने आणि त्याच्यावर धुणं वाळत घाल." यजमान म्हणाले, "बघू या." यजमान आयुष्यभर एवढेच म्हणत.

स्वतःच्या घोड्यावर पैसे लावले की तो घोडा हरतो, असा घोडेमालकांत एक समज आहे. यजमान तो काटेकोरपणे पाळीत. परंतु शर्यतीला जाऊन पैसेच न लावणे हेही त्यांच्या स्वभावात नव्हते. सबब ते दर वेळी दुसऱ्याच्या घोड्यावर लावीत. निर्विवाद अकरा शर्यती धावला आणि अकरा जिंकला. यजमान अकराच्या अकरा हरले. बक्षीस ज्या खिशात यायचे त्याच खिशातून बुकीकडे जायचे. मी एकदा विचारले, "आपला घोडा जिंकेल असे तुम्हाला वाटत नाही का?" ते म्हणाले, "वाटतं गं, म्हणून तर लावत नाही." चाळीस वर्षांच्या वकिलीनंतरही या उत्तराचे खंडन मला जमलेले नाही.

थरोब्रेड घोडा एकटा ठेवला की भिंतीला लाथा मारतो आणि चारा सोडतो. अशा घोड्याच्या सोबतीला तबेल्यात शेळी ठेवण्याची पद्धत आहे. आमच्याही घोड्यासाठी एक आणली. तबेल्यातल्या लोकांनी तिचे नाव 'वकीलबाई' ठेवले, कारण समोर येईल तो कागद ती आधी चावून बघे. हे माझ्या कानावर जावे अशी त्यांची इच्छा नव्हती. गेले. मी हरकत घेतली नाही, कारण निरीक्षण बरोबर होते. आताची शेळी तिसरी आहे. पद तेच, नाव तेच.

घोडा का जिंकत असे याविषयी चार मते आहेत. ट्रेनरचे मत: खुराक. दिरांचे मत: रक्त. थोरल्याचे मत: इच्छाशक्ती. जॉकीचे मत: जॉकी. यांतला रक्ताचा मुद्दा घोड्याच्या संततीनेच निकालात काढला. त्याची शिंगरे चढ्या भावाने विकली गेली आणि त्यांतले एकही जिंकले नाही. एक तर सुरुवातीच्या फाटकातून बाहेरच पडले नाही. बाकीचे परत येईपर्यंत ते तिथेच पायाखाली गवत शोधत राहिले. मला स्वतःला दोन अपत्ये असल्यामुळे या मुद्द्यावर मी अधिक लिहीत नाही.

माझे मत पाचवे आहे आणि त्याला पुरावा आहे. शर्यतीच्या दिवशी शेळीला विनिंग पोस्टच्या, म्हणजे शर्यत जिथे संपते त्या खांबाच्या पलीकडे, घोडे मैदानाबाहेर पडतात त्या फाटकाशी बांधत. घोडा पोस्टकडे धावत नसे. पोस्ट त्याच्या वाटेत येत असे.

सातव्या शर्यतीच्या दिवशी शेळीचे पोट फुगले म्हणून ती तबेल्यातच राहिली. त्या दिवशी घोडा दुसरा आला. मानेच्या फरकाने, पण दुसरा. पहिला आलेला घोडा शेवटच्या वळणावर त्याच्या अंगावर झुकला होता. यजमान टोपी हातात घेऊन घरी निघाले होते. मी स्टुअर्डांच्या, म्हणजे शर्यतीच्या पंचांच्या खोलीत गेले, यजमानांच्या वतीने हरकत नोंदवली, नियम वाचून दाखवला आणि पहिल्याला बाद करवले. निकाल बरोबर होता. आजही मी तोच युक्तिवाद करेन. थोरला मात्र आपल्या व्याख्यानात ही शर्यत "हातातून गेलेला विजय जिद्दीने खेचून आणला" अशी सांगतो. जिद्द होती. ती स्टुअर्डांच्या खोलीत होती आणि तिने चष्मा लावला होता. घोडा त्या वेळी पाणी पीत होता.

ज्या घोड्याला मी बाद करवले त्याच्यावर यजमानांनी त्या दिवशी बरेच पैसे लावले होते, हे मला नंतर कळले. यजमान माझ्याबरोबर घरी आले. दाराचे कुलूप काढताना म्हणाले, "फार छान बोललीस आज."

बारावी शर्यत मोसमातली सर्वांत मोठी होती. आदल्या दिवशी दीर आमच्या दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत म्हणाले, "दादा, उद्या हरला तर? अकराला अकरा म्हणजे काचेच्या कपाटात ठेवायची गोष्ट आहे. आता त्याला कुलूप घाल. खोकला झाला म्हणून कळव." यजमान "बघू या" म्हणाले, आणि दिरांनी ते होकारार्थी घेतले. घोडा आयुष्यात कधी खोकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी शेळीला नेहमीप्रमाणे आधीच फाटकाशी नेऊन बांधले होते; तिला परत आणायला सांगायचे सगळे विसरले. घोडा तेव्हा मैदानालगतच्या तबेल्यात असे आणि शर्यतीची घोषणा तिथे ऐकू येते. घोडे निघाल्यावर लोकांचा जो आवाज उठतो तोही येतो. निर्विवादने अर्ध्या दारावरून मान बाहेर काढली आणि संध्याकाळी शेळीला आणेपर्यंत आत घेतली नाही. त्यानंतर तो कधी धावला नाही. 'धावू दिला नाही' असे वाचावे.

अपराजित राहण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय न धावणे हा आहे. या तत्त्वावर दिरांनी एक घोडा सांभाळला आणि थोरल्याने एक आयुष्य.

कलम सहा. दडपणाबाबत.

थोरला यशावर व्याख्याने देतो. सभागृहांत त्याला 'जिंकू सर' म्हणतात. त्याने स्वतः काय जिंकले असा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. प्रश्नोत्तरांसाठी कार्यक्रमात वेळच ठेवलेला नसतो. त्याच्या मागे पडद्यावर घोड्याचे चित्र असते आणि खाली लिहिलेले असते, 'कोणाकडूनही नाही. कधीही नाही. कुठेही नाही.' आता त्याला चित्राऐवजी घोडा हवा आहे. एका कंपनीच्या खर्चाने गावोगावी मोठे कार्यक्रम ठरत आहेत. मागच्या महिन्यात तो मिठाईचा डबा आणि करारनाम्याचा मसुदा घेऊन आला. डबा धाकटीने ठेवून घेतला. मसुदा मी.

"आई, तो घोडा नाही, ब्रँड आहे," तो म्हणाला.

"ब्रँडच्या गुडघ्याला सूज आहे."

"अगं, चालायचं कुठे आहे त्याला? नुसतं स्टेजवर उभं राहायचं. मागून धूर सोडणार, वरून संगीत."

"तो धुराला बिचकतो."

"लोकांना ते जोश वाटेल!"

व्हरांड्यात पशुवैद्य हात धूत होत्या. त्यांनी टॉवेल मागितला आणि म्हणाल्या, "ट्रकमध्ये उभं राहूनच त्याचे पुढचे पाय जातील. पहिल्या गावाला पोचेल. दुसऱ्या गावाचं मी लिहून देणार नाही."

थोरला म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही फार नकारात्मक आहात."

"मी नाही हो. त्याचा एक्स-रे आहे," त्या म्हणाल्या.

मसुदा थोरल्याने मला कौतुकासाठी दिला होता. मी तो दुरुस्तीसाठी वाचला. करार माझ्या पश्चात अमलात यायचा आहे, कारण हयातीत मी घोडा देणार नाही हे त्याला माहीत आहे. तारखेची जागा मोकळी सोडली आहे. मी त्या मोकळ्या जागेकडे थोडा वेळ पाहिले, मग पुढे वाचले. चौथ्या कलमात म्हटले आहे: 'सदर घोडा कोणत्याही शर्यतीत कोणत्याही प्रतिस्पर्ध्याकडून कधीही पराभूत झालेला नाही, अशी हमी देण्यात येत असून ती खोटी ठरल्यास हा करार आपोआप रद्द होईल.' 'शर्यत' म्हणजे काय, याची व्याख्या करारात नाही. 'प्रतिस्पर्धी' कोणास म्हणावे, याचीही नाही. हा मसुदा ज्याने लिहिला त्याला मी कनिष्ठ म्हणूनही ठेवले नसते. त्याचे मी मनापासून आभार मानते.

त्याच दुपारी धाकटी तबेल्यात घोड्याच्या पायाला पट्टी बांधत होती. मान वर न करता तिने विचारले, "आई, भोपळ्या एकदा जरी हरला असता, तरी तू त्याला ठेवलं असतंस?"

मी म्हणाले, "प्रश्न काल्पनिक आहे. काल्पनिक प्रश्नाला उत्तर देणे साक्षीदारावर बंधनकारक नसते."

ती म्हणाली, "बरं." आणि पट्टीला गाठ मारली.

माझा आक्षेप नियमाला धरून होता. प्रश्न तरीही माझ्यापुढे प्रलंबित राहिला.

कलम सात. किरकोळ वस्तू.

घोड्याने जिंकलेले सर्व कप थोरल्यास द्यावेत. दोन कपांत छत्र्या आहेत व एकात कपड्यांचे चिमटे. ते काढून घ्यावेत. चिमटे धाकटीस.

यजमानांची दुर्बीण दिरांस. घोडा त्यांनी नेहमी तिच्यातूनच पाहिला. पहिल्या शर्यतीपूर्वी ते त्याला "दादाचं खेचर" म्हणत, नंतर "आपला घोडा" म्हणू लागले. हा बदल नेमका कोणत्या दिवशी झाला ते मला माहीत आहे. त्या माहितीचा वापर मी आजवर केला नाही आणि इथेही करत नाही.

यजमानांच्या हरलेल्या पैजांच्या अकरा चिठ्ठ्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात आहेत. त्या कोणालाही देऊ नयेत. माझ्याबरोबर ठेवाव्यात.

जॉकीला या दस्तान्वये काही देता येत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला दिलेली देणगी टिकत नाही. म्हणून खोगीर मी त्याला मागच्या आठवड्यात हातात दिले. तो आता दोन जॉकींच्या वजनाचा झाला आहे आणि शिवणकामाचे दुकान चालवतो. खोगीर दुकानात टांगले आहे असे ऐकते. गिऱ्हाइकांना कारण नसताना सातवी शर्यत ऐकावी लागते.

कलम आठ. माझ्या पश्चात शोकसभा घेऊ नये. घेतल्यास थोरल्याने बोलू नये. बोलल्यास 'धावणे', 'झेप' आणि 'शिखर' हे शब्द वगळावेत. त्यानंतर त्याच्याकडे किती मजकूर उरतो ते मला ऐकायला आवडले असते.

कलम नऊ. घोडा सरळ धाकटीच्या नावे का लिहिला नाही, असे विचारले जाईल. उत्तर असे की तसे लिहिल्यास थोरला दावा लावील. दावा तो हरेल. परंतु दाव्याची चाल मला माहीत आहे आणि घोड्याचे वयही माहीत आहे. निकाल धाकटीच्या बाजूने लागेल तेव्हा तबेला रिकामा असेल. दरम्यान अंतरिम आदेश घेऊन कोणी ट्रक आणला तर धाकटी फाटकात उभी राहील, रडेल आणि बाजूला होईल. तिला मी ओळखते. सबब घोड्याचे रक्षण हुकूमनाम्याने होणार नाही. थोरल्याला तो नकोसा झाला तरच होईल.

'कोणाकडूनही नाही, कधीही नाही, कुठेही नाही' हे सर्वव्यापी विधान आहे. असे विधान पाडायला शंभर उदाहरणे लागत नाहीत. एक पुरते.

म्हणून आज सकाळी, सही करण्यापूर्वी, मागच्या कुरणात एक शर्यत घेतली. सुरुवात: पाण्याची टाकी. शेवट: व्हरांड्याचा खांब, जिथे गाजरांची बादली ठेवली होती. प्रतिस्पर्धी: निर्विवाद आणि शेळी. दोघे माझ्याच मालकीचे आहेत. एका मालकाचे दोन प्रतिस्पर्धी धावण्यास कोणत्याही नियमाची मनाई नाही. निर्णय देण्यास पशुवैद्य खांबापाशी उभ्या होत्या. घोड्याने एवढे अंतर चालण्यास हरकत नाही, असे त्यांनी आधी त्याचे चारही पाय तपासून सांगितले. रुमाल खाली करण्याचे काम जॉकीकडे होते. ते त्याला आवडले नाही.

"बाई, हे मला करायला लावू नका. मी बसलोय त्याच्यावर."

"तुम्हाला बसायला सांगितलेले नाही. रुमाल खाली करायला सांगितले आहे."

"पण शेळीबरोबर? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी काहीतरी म्हणावे म्हणूनच घेत आहे."

शर्यत प्रामाणिक होती हे नमूद करते. घोड्याला रोखले नाही, शेळीला चिथावले नाही. त्याला हवे असते तर तो जिंकला असता. तशी शक्यता नसती तर तिला शर्यत म्हणता आले नसते. रुमाल खाली गेला तेव्हा घोड्याने दोन्ही कान पुढे केले. ते कान मी एकोणीस वर्षांनी तसे पाहिले. मान खाली घालून तो दुडक्या चालीने निघाला आणि अर्ध्या कुरणापर्यंत पुढे होता. जॉकी "चल रे राजा!" असे ओरडला आणि मग त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. शेळीला बादली दिसली. ती तिरकी पळत घोड्याच्या समोरून आडवी आली. घोडा थांबला. तिला वळसा घालून जाण्याएवढी जागा होती. त्याने ती घेतली नाही. रोज सकाळी कुरणातून परतताना चालतो तसा तिच्या मागोमाग, तिच्या शेपटीशी नाक धरून, तो चालत आला.

पशुवैद्य म्हणाल्या, "शेळी. एका लांबीने."

"कुणाच्या लांबीने?" जॉकीने विचारले. "घोड्याच्या का शेळीच्या?"

हा मुद्दा रास्त होता. चर्चेअंती 'शेळीच्या' असे ठरले.

मग जॉकी माझ्या खुर्चीपाशी आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "बाई, आडवी आली ती! सरळ सरळ आडवी! सातव्या शर्यतीत तुम्ही एवढ्यावरूनच त्या घोड्याला बाद करवलं होतं. मी खोलीच्या दारात उभा राहून ऐकलंय सगळं. उठा, हरकत घ्या!"

त्याचे म्हणणे नियमाने बरोबर होते. कोणता नियम, कोणते पोटकलम, तेही मला तोंडपाठ आहे. अशी हरकत मी जिंकले असते. परंतु हरकत मालकानेच घ्यावी लागते. मी खुर्चीवरून उठले नाही.

घोडा त्या वेळी शेळीच्या शेजारी बादलीत तोंड घालून उभा होता. पराभवाचा त्याच्यावर काही परिणाम झालेला दिसला नाही.

कलम दहा. सबब निर्विवाद, आता पराभूत, कोणत्याही व्यासपीठास निरुपयोगी, शेळीसह धाकटीस द्यावा. थोरल्यास तो तरीही हवा असल्यास त्याने प्रथम आपल्या भरल्या सभागृहात आजचा निकाल, विजेत्या प्रतिस्पर्ध्याच्या नावासह, मोठ्याने वाचून दाखवावा. तसे त्याने खरोखर केले तर धाकटीने त्याला दर रविवारी घोड्याला भेटू द्यावे, कारण मग तो माझा समजूतदार मुलगा आहे.

धाकटीचा प्रलंबित प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही. म्हणून उत्तर देते. तो आज सकाळी हरला. दुपारी मी चाऱ्याच्या खोलीत जाऊन त्याची गव्हाण स्वतः भरली. ठेवला आहे. पूर्वनिर्णय हवा असल्यास यजमानांचा आहे: अकरा वेळा हरले, तरी ठेवले.

हे उत्तर घोड्यापुरतेच मर्यादित समजू नये. तीन गुणपत्रिकांनाही ते लागू आहे.

ठिकाण: राहत्या घराचा मागचा व्हरांडा.
दिनांक: शर्यतीचाच, सहीखाली लिहिला आहे.

सही: (लिहून ठेवणार)

आम्ही खाली सही करणारे साक्षीदार लिहून देतो की, वरील बाईंनी हा दस्त आम्हाला वाचून दाखवून आमच्यासमोर सही केली, व आम्ही त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. तसेच घोडा आमच्या डोळ्यांदेखत हरला.

साक्षीदार पहिला: पशुवैद्य. (सही) निकाल माझा आहे व तो कायम आहे.

साक्षीदार दुसरा: जॉकी, हल्ली शिवणकाम. (सही) बाईंची सही मान्य. निकाल मान्य नाही. शेळी आडवी आली होती.

लिहून ठेवणारीचा शेरा: दुसऱ्या साक्षीदाराचे म्हणणे नोंदवून घेतले. मालकाची हरकत नाही.